म्युझियममधल्या वस्तूंचे मोबाईलवर फोटो-व्हिडिओ: काचेत आपणच दिसू नये म्हणून काय काय करायचं

आमच्या आत्याला गुडघ्यांमुळे आता जिने चढवत नाहीत, म्हणून पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात मी एकटाच गेलो आणि तिच्यासाठी फोटो काढून आणले, दोनशेच्या वर भरले. रात्री जेवणं झाल्यावर ती चष्मा लावून फोन घेऊन बसली आणि तिसऱ्याच फोटोला म्हणाली, "अरे, ह्यात तर तूच दिसतोयस." बघतो तर खरंच, काचेत मी, माझा पांढरा शर्ट, हातातला फोन, पाठीमागची उजळ खिडकी, आणि ह्या सगळ्या गर्दीच्या मागे कुठेतरी एक पितळी अडकित्ता. पुढचा फोटो बरा होता तर तिने विचारलं, हे केवढं आहे रे, मुठीत मावेल एवढं का ताटाएवढं? मला आठवेना. कुठल्या गावचं? लेबलाचा फोटोच काढला नव्हता. दोनशेतले कामाचे निघाले अकरा.

त्यानंतर बरीच म्युझियमं फिरलो, चुकत चुकत शिकलो, ते सगळं इथे एकदा लिहून ठेवतोय. महागडा फोन लागत नाही, माझा स्वतःचा चार वर्षं जुना आहे. लागतं एवढंच की फोनला त्याच्या मनासारखं करू द्यायचं नाही. फोनला सगळं जग दिवाळीसारखं लख्ख हवं असतं आणि म्युझियममधला उजेड मुद्दाम कमी ठेवलेला असतो, भांडण सगळं तिथेच आहे.

घरून निघतानाच

लेन्स पुसा. हसू नका, निम्मे धुरकट फोटो बोटाच्या तेलकट डागामुळे येतात, आणि म्युझियममध्ये काळ्या पार्श्वभूमीवर एकच स्पॉटलाईट असतो त्यामुळे तो डाग बाहेरच्यापेक्षा दसपट दिसतो, दिव्याभोवती रेघा फुटतात. चष्म्याचं फडकं चालतं, जुनी मऊ सुती ओढणी चालते, शर्टाचं टोक नको.

कपडे गडद घाला. काळा किंवा गडद निळा साधा टीशर्ट. पांढरा झब्बा घालून गेलात तर प्रत्येक काचेत तुमचं भूत येणार, आणि लाल-पिवळं काही घातलं तर जवळच्या चकचकीत धातूवर त्याची झाक पडते ती वेगळीच. घड्याळ, चमकणारं कडं वगैरे उजव्या हातात असेल तर काढून खिशात टाका. एक काळं कापड बरोबर घ्या, रुमालापेक्षा जरा मोठं, न चमकणारं. काळी ओढणी असेल तर उत्तमच.

फोनमध्ये जागा करा. आयफोनच्या सेटिंगमध्येच लिहिलेलं असतं की ४के व्हिडिओ ३० फ्रेमला मिनिटाला साधारण १७० एमबी खातो आणि १०८०पी ६० एमबी, तर तासाभरात किती होईल हिशोब करा. बाकी सेटिंग घरी बसूनच करून ठेवायची: ग्रिडच्या रेघा चालू, फ्लॅश कायमचा बंद ('ऑटो' नाही, बंद), शटरचा आवाज बंद होत असेल तर बंद, आणि ते 'सीन ऑप्टिमायझर' किंवा एआय नावाचं जे काही प्रकरण असतं ते बंद. आत शिरताना एअरप्लेन मोड. नाहीतर बरोब्बर व्हिडिओच्या मध्ये कर्जवाल्या कंपनीचा फोन येतो.

गेटवर विचारायचं ते

प्रत्येक म्युझियमचा नियम वेगळा, एकाच म्युझियममध्ये दालनागणिक वेगळा, आणि मागच्या वर्षी चालत होतं म्हणून यंदा चालेल असं नाही. तिकीट घेतानाच विचारा: मोबाईलवर फोटो चालतात का, त्याचं वेगळं तिकीट आहे का, व्हिडिओचं काय, आणि कुठलं दालन वर्ज्य आहे. बाहेरून उसने आणलेल्या वस्तूंच्या प्रदर्शनात बऱ्याचदा फोटोला मनाई असते कारण वस्तूचा मालक दुसराच असतो. ट्रायपॉड, सेल्फी स्टिक, गिंबल (फोन स्थिर धरणारी मोटरवाली दांडी) हे बहुतेक ठिकाणी आत नेऊ देत नाहीत. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंमध्येही ट्रायपॉडला वेगळी परवानगी लागते, आणि अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅशला बंदी आहे हे तर बहुतेकांना माहीतच असेल.

दालनात उभ्या असलेल्या काकांशी आधी दोन शब्द बोलून घ्या. "काका, फ्लॅश बंद केलाय, काचेला हात लावणार नाही, जरा वेळ लागेल, चालेल ना?" एवढं म्हटलं की पुढचा अर्धा तास ते तुमच्या मागे मागे फिरत नाहीत, उलट कोपऱ्यातली आपण चुकवलेली एखादी वस्तू स्वतः होऊन दाखवतात. मला दोनदा असं झालंय.

फोटो पुढे कुठे टाकणार असाल तर कायद्याची थोडी कल्पना असावी. आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे, त्यात चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. राजा रविवर्मा १९०६ मध्ये गेले, त्यांच्या चित्रांवर आता कोणाचा कॉपीराइट नाही. चित्रकार एम. एफ. हुसेन २०११ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या चित्रांचा हक्क २०७१ संपेपर्यंत आहे. सार्वजनिक जागी कायमस्वरूपी बसवलेल्या शिल्पाचा फोटो काढायला आणि छापायला कलम ५२ मध्ये सूट आहे, ती चित्रांना नाही. आणि हे सगळं म्युझियमच्या स्वतःच्या अटींपेक्षा वेगळं, तिकिटामागे 'फक्त वैयक्तिक वापरासाठी' लिहिलं असेल तर कॉपीराइट संपलेला असला तरी ती अट आहेच.

अंधार मुद्दाम असतो

कापड, कागद, लघुचित्रं ह्यांच्यावर साधारण ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) वर उजेड पडू नये असा संग्रहालयांचा जुना दंडक आहे, तैलचित्रांना २०० पर्यंत चालतो, दगड-धातूला तसं बंधन नाही. ५० लक्स म्हणजे किती? ऑफिसात टेबलावर तीनशे ते पाचशे असतो आणि भर उन्हात लाखाच्या घरात. रंग उजेडाने उडतात आणि उडालेला रंग परत येत नाही, आज पडलेला उजेड कालच्या उजेडात जमा होत जातो, म्हणून पैठणीचं दालन तेवढं अंधारं आणि बाहेरची दगडी मूर्ती उन्हात. फ्लॅशच्या एका चमकेने काही बिघडत नाही असंही म्हणणारे आहेत, आणि एका चमकेपुरतं ते बरोबरही असेल, पण दिवसाला हजार माणसं येतात, आणि मुळात काचेवर फ्लॅश मारला की फोटोत पांढरा गोळा येतो, मग मारायचाच कशाला?

आता फोन काय करतो बघा. काळ्या कपाटात एक उजळलेली वस्तू. फोन सगळ्या चौकटीचा हिशोब करतो, त्याला वाटतं बापरे किती अंधार, तो ब्राइटनेस वाढवतो, काळं मखमल राखाडी होतं आणि वस्तू पांढरीफटक. ह्याला उपाय एकच आणि म्युझियमसाठी एकच गोष्ट शिकायची झाली तर ही शिका: स्क्रीनवर वस्तूच्या सगळ्यात उजळ भागावर बोट ठेवा आणि दोन सेकंद दाबून धरा. आयफोनवर वर पिवळी पट्टी येते, बहुतेक अँड्रॉइडवर कुलपाचं चिन्ह येतं. म्हणजे फोकस आणि उजेड दोन्ही कुलूपबंद झाले. मग शेजारी सूर्याचं चिन्ह दिसतं ते बोटाने हळूहळू खाली ओढा, उजळ भागातली नक्षी दिसायला लागेपर्यंत. स्क्रीनवर फोटो जरा काळपट वाटेल, वाटू दे. काळपट फोटो घरी उजळता येतो, पांढरा जळालेला भाग कुठल्याही ॲपने परत येत नाही.

काळ्या दगडाचंही तेच, बसाल्टची मूर्ती फोन राखाडी करून टाकतो, सूर्य खाली ओढा.

नाईट मोड वापरायचा का? हो, बिनधास्त, कारण वस्तू हलत नाही आणि दोन-तीन सेकंद हात स्थिर ठेवला की झालं, पण तोही रात्रीचा दिवस करतो म्हणून त्यातही सूर्य खाली ओढायचाच. कोपर बरगडीला टेकवा, खांब असेल तर पाठ खांबाला, श्वास सोडा आणि मग दाबा. दोन सेकंदांचा टायमर लावला तर बटण दाबतानाचा हिसकाही जातो.

रंगाचा एक घोळ असतो. कपाटातला दिवा पिवळा आणि खिडकीतून येणारा दिवसाचा उजेड निळसर, फोन दोघांच्या मध्ये गडबडतो आणि दर फोटोला रंग बदलतो. फोनच्या कॅमेऱ्यात प्रो मोड, म्हणजे सगळं हाताने ठरवता येतं तो मोड, असेल तर व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंग बसवायची सेटिंग) हाताने ठेवा, पिवळ्या दिव्यांना तीन हजार केल्व्हिनच्या आसपास आणि दिवसाच्या उजेडाला साडेपाच हजार. प्रो मोड नसेल तर वस्तूशेजारचं पांढरं लेबल एका फोटोत येऊ द्या. घरी एडिट करताना त्या लेबलावरून रंग बसवायचा, लेबल पांढरं झालं की बाकीचं आपोआप जागेवर येतं.

काच

खरी लढाई इथे आहे.

काचेत दिसतं ते नेहमी काचेच्या अलीकडच्या उजळ गोष्टींचं प्रतिबिंब. म्हणून आधी फोन बाजूला ठेवून नुसतं बघा, की काचेत काय काय दिसतंय: खिडकी, समोरचं कपाट, बाहेर जायच्या वाटेचा हिरवा दिवा, तुम्ही. आता एक पाऊल डावीकडे जा, दोन उजवीकडे, थोडे खाली वाका. प्रतिबिंब सरकत सरकत वस्तूवरून बाजूला जातं. बऱ्याचदा एवढंच पुरतं आणि ह्याला काही पैसे पडत नाहीत.

जात नसेल तर जवळ जा. लेन्स काचेच्या जितकी जवळ तितकी प्रतिबिंबाला जागाच कमी. फोनची कड काचेपासून बोटभर अंतरावर, आणि मधली फट डाव्या हाताच्या तळव्याने किंवा त्या काळ्या कापडाने झाकायची, लेन्सभोवती छोटा तंबू केल्यासारखी. काचेवर भार द्यायचा नाही, टेकायचं नाही. एका ठिकाणी, नाव नको, माझा फोन काचेला किंचित लागला आणि अलार्म वाजला, शाळेची अख्खी सहल माझ्याकडे वळून बघत होती आणि बाई पोरांना सांगत होत्या की असं करायचं नसतं.

जवळ जाऊन वस्तू मावत नसेल तर लांबूनच काढावी लागते, तेव्हा कापड दोन हातांनी फोनच्या मागे पडद्यासारखं धरायला मित्राला सांगा. दिसायला येड्यासारखं दिसतं पण चालतं.

पोलरायझर फिल्टर, म्हणजे क्लिपवाला सीपीएल, ह्याबद्दल लोक फार आशेने बोलतात. काचेकडे तिरकं बघत असाल, सरळ समोरच्या रेषेपासून पंचावन्न अंशांच्या आसपास, तेव्हा तो फिरवला की प्रतिबिंब जादूसारखं गायब होतं. पण अगदी समोरून, नाकासमोर काढत असाल तर काही उपयोग नाही. धातूवरची चमक त्याने जात नाही. आणि तो निम्म्याहून जास्त उजेड खातो, जो आपल्याकडे आधीच नाही. मी घेतला, चार वेळा वापरला, आता ड्रॉवरमध्ये आहे. काळं कापड मात्र अजून बॅगेत आहे.

एक अडकित्ता, पहिल्यापासून शेवटपर्यंत

केळकर संग्रहालय ह्यासाठी मला फार आवडतं कारण तिथे राजेरजवाड्यांपेक्षा घरातल्या वस्तू जास्त आहेत. दिवे, वज्री, दौती, पानाचे डबे, चुनाळी, दरवाजे, वाद्यं. दिनकर केळकरांनी आयुष्यभर गावोगाव फिरून वीस हजारांच्या वर वस्तू जमवल्या आणि लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव संग्रहालयाला दिलं. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा ठरवूनच गेलो की दोनशे फोटो नकोत, दहाच वस्तू, पण नीट. पहिली वस्तू तोच अडकित्ता.

आधी पाच मिनिटं नुसतं बघितलं. पितळेचं अंग, लोखंडी पातं, दोन दांडे, आणि सांध्यावर एक खिळा. पितळ चमकतंय, लोखंड काळं, म्हणजे एकाच वस्तूत फोनला गोंधळात टाकणाऱ्या दोन्ही गोष्टी.

लहान वस्तू म्हणून मी आधी फोन एकदम जवळ नेला, तर स्क्रीनवर फुलाचं चिन्ह आलं. म्हणजे फोनने आपणहून मॅक्रो लावला, आणि बऱ्याच फोनमध्ये मॅक्रो म्हणजे अल्ट्रावाइड लेन्स असते, ती वस्तूचं नाक फुगवते आणि फोनची सावलीही वस्तूवर पडते. चिन्हावर टॅप करून बंद केलं, हातभर मागे आलो आणि झूम दोनवर ठेवला. दांडे जसे आहेत तसे सरळ दिसायला लागले. (झूम तीन-पाचवर नेऊ नका, कमी उजेडात बरेच फोन टेलिफोटो लेन्स वापरतच नाहीत, मुख्य लेन्सचाच फोटो कापून मोठा करून देतात आणि वर तीन एक्स असं लिहून ठेवतात.)

मग पितळेच्या सगळ्यात चमकणाऱ्या ठिपक्यावर बोट दाबून धरलं, कुलूप, सूर्य खाली. आता पितळेवरची रेघ न् रेघ दिसली पण पातं काळ्यात गेलं. तो फोटो काढला. मग पात्यावर बोट धरून दुसरा काढला. दोन्ही ठेवले. एकाच फोटोत सगळं यायलाच हवं असं कुठे लिहिलंय?

तिसरा फोटो नुसत्या सांध्याचा. चौथा बाजूने, जाडी कळावी म्हणून. पाचवा लांबून, शेजारच्या चार अडकित्त्यांसकट, कारण आकार कळतो तो शेजाऱ्यांमुळे. आतमध्ये पट्टी ठेवता येत नाही, म्हणून बाहेर काचेजवळ माझा तळहात धरून सहावा. तळहात अलीकडे असल्यामुळे वस्तू आहे त्याहून थोडी लहान वाटते, पण मूठ का ताट एवढं तरी नक्की सांगता येतं. सातवा लेबलाचा.

सात फोटो, बारा मिनिटं. वेळ जातो. पण पहिल्या फेरीतले ते दोनशे एका दमात काढले होते आणि काय झालं ते वर सांगितलंच.

लेबलाबद्दल

वस्तूनंतर लगेच लेबल, दर वेळी, न चुकता, आणि नेहमी त्याच क्रमाने. वस्तू मग लेबल असा क्रम धरला की घरी स्क्रोल करताना लेबल आलं म्हणजे ती वस्तू संपली, वेगळं काही लिहून ठेवावं लागत नाही. लेबलावर किंवा वस्तूवरच छोट्या अक्षरात नोंद क्रमांक असेल तर तो वाचता येतोय ना ते तिथेच मोठं करून बघा, पुढे कधी म्युझियमला पत्र लिहून काही विचारायचं झालं तर त्या आकड्याशिवाय कोणी काही सांगू शकत नाही. दालनात शिरताना दालनाच्या पाटीचाही एक फोटो. गुगल लेन्स मराठी लेबलं बऱ्यापैकी वाचतं, टाइप करायचे कष्ट वाचतात, पण वर्षं आणि गावांची नावं एकदा डोळ्याने ताडून घ्या.

दगड आणि मूर्ती

इथे काच नाही, इथे सावली मित्र आहे. कोरीवकाम दिसतं ते उजेडामुळे नाही, बाजूने पडणाऱ्या उजेडाने जी सावली होते तिच्यामुळे. समोरून उजेड पडला की मूर्ती सपाट होते. दिवा आपण हलवू शकत नाही, आपण हलू शकतो, म्हणून मूर्तीभोवती जमेल तितकं फिरा आणि नाक-ओठांच्या सावल्या जिथे नीट पडतात तिथे थांबा. फोन मूर्तीच्या छातीच्या उंचीला, खालून वर काढला तर देव बुटका आणि हनुवटी मोठी येते.

सरावाला भायखळ्याचा हत्ती घ्या. डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाहेर बागेत उभा आहे तो, घारापुरीचा, ह्याच्याच नावावरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ साली त्याला इंग्लंडला न्यायचा घाट घातला, उचलताना तुकडे झाले, मग ते तुकडे १९१४ मध्ये इथे जोडून उभे केले. भर दुपारी गेलात तर तो नुसता काळा ढिगारा येतो. सकाळी लवकर किंवा ढगाळ दिवशी जा, एका बाजूने तिरका उजेड असताना, मग अंगावरचे सांधे बघा, कुठला तुकडा कुठे बसवलाय ते फोटोत कळतं. हा उघड्यावर असल्यामुळे थ्रीडी स्कॅनिंगचं ॲप वापरून बघायचं असेल तरी हाच बरा, त्याच्याभोवती फिरत फिरत पन्नास-साठ फोटो, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा अर्धाअधिक भाग आला पाहिजे. काचेमागच्या वस्तूंवर ती ॲप गडबडतात, वेळ घालवू नका.

पोलादावर सोन्याचं काम असलेली शस्त्रं, जशी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात अकबराची ढाल आणि चिलखत आहे, तिथे अडकित्त्याचाच नियम, सोन्यावर बोट, सूर्य खाली, आणि मग इंच-इंच सरकत राहायचं, एका ठराविक कोनात अक्षरं एकदम उमटतात.

चित्रं, पोथ्या, मोडी कागद

इथे सरळपणा महत्त्वाचा. चित्राच्या बरोबर मध्यासमोर उभे राहा, फोन चित्राला समांतर, ग्रिडच्या रेघा चौकटीच्या कडांना लावा, दोन पावलं मागे येऊन दोन एक्स. तरी थोडं तिरकं आलंच तर स्नॅपसीडमधलं पर्स्पेक्टिव्ह वापरून घरी सरळ करता येतं. तैलचित्रावर वॉर्निशची चमक असते, ती टाळायला मुद्दाम थोडं बाजूने काढा आणि मग सरळ करा, चमक असलेला सरळ फोटो काही कामाचा नाही.

मोडी कागद किंवा ताम्रपट वाचण्यासाठी काढत असाल तर ते एआय खरोखर बंद आहे ना हे परत तपासा. फोन अक्षरं 'सुधारायला' जातो, पुसट कानामात्रा घासून टाकतो किंवा नसलेला फाटा काढून ठेवतो, आणि मोडीत एका वळणाने शब्द बदलतो. शक्य असेल तर रॉ मध्ये काढा, फाइल मोठी होते पण त्यात ही हुशारी नसते. कागद लांब असेल तर पॅनोरमा नको, तो अक्षरं वाकवतो, फोन समांतर सरकवत तीन-चार फोटो काढा, दोन-दोन ओळी पुन्हा येऊ द्या.

व्हिडिओ

व्हिडिओ म्हणजे फोन हातात धरून दालनात चालत सुटणं नव्हे, तसला व्हिडिओ कोणी दोन मिनिटांच्या वर बघत नाही, आत्यासुद्धा बघत नाही. एक वस्तू, दहा सेकंद, फोन स्थिर. मग पुढची. दहा सेकंद उभं राहून फार वाटतात, मनात आकडे मोजा.

हलायचंच असेल तर कारणाने हला. मूर्तीसमोर डाव्या पायावरून उजव्या पायावर नुसता भार सरकवला तरी फोन वीतभर सरकतो आणि कोरीवकामाची खोली दिसायला लागते, जी कुठल्याच फोटोत येत नाही. सुरुवातीला दोन सेकंद थांबा, सरका, शेवटी दोन सेकंद थांबा. आणि बोट दाबून कुलूप लावल्याशिवाय सुरू करू नका, नाहीतर दिव्याजवळून जाताना चित्र एकदा अंधारतं एकदा उजळतं, डोकं दुखतं.

काळ्या पट्ट्या सरकताना दिसतात का? त्या दिव्यांच्या. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणजे दिवा सेकंदाला शंभरदा लुकलुकतो, डोळ्याला दिसत नाही, फोनला दिसतं. प्रो व्हिडिओ असेल तर शटर पन्नासांश किंवा शतांश सेकंदावर ठेवा. नसेल तर २५ फ्रेमचा पर्याय शोधा, आयफोनमध्ये तो कॅमेराच्या सेटिंगमध्ये पाल फॉरमॅट चालू केल्यावर दिसतो. न्यू जर्सी, कॅलिफोर्नियावाल्यांनी हे आकडे जसेच्या तसे घेऊ नयेत, तिकडे ६० हर्ट्झ आहे, शटर साठांश किंवा एकशेवीसांश आणि फ्रेम ३० च ठेवा. डिमर लावलेले काही एलईडी दिवे मात्र कशालाच दाद देत नाहीत, तिथे फोटोवर समाधान माना.

आवाज तिथे बोलून भरू नका. दगडी दालनात प्रचंड घुमतं आणि शेजारच्या माणसाला आपली कॉमेंट्री ऐकायची नसते. घरी गोधडीत तोंड घालून रेकॉर्ड करा, खरंच, गोधडीत आवाज घुमत नाही. दालनाचा नुसता आवाज तीसेक सेकंद वेगळा घेऊन ठेवा, पंखा, पावलं, लांबची कुजबुज, तो खाली घातला की व्हिडिओ जिवंत होतो. लोकांची तोंडं येणार नाहीत असं बघा, विशेषतः सहलीच्या पोरांची.

वेळेचं म्हणाल तर आठवड्यातला मधला वार आणि दार उघडताना. शनिवार-रविवार आणि डिसेंबरातल्या सहली टाळा.

घरी आल्यावर

त्याच रात्री बसा, आठवड्याने लेबलं जुळवायला गेलात तर काही आठवत नाही. हललेले उडवा, एका वस्तूचे चार-पाचच ठेवा. एडिटमध्ये उजेड थोडा वर, रंग लेबलावरून, तिरकं सरळ, बस. रंग भडक करायचा मोह होतो, तीनशे वर्षांचं कापड काल विकत घेतल्यासारखं करू नका.

आणि व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान होतो, मोठा करून बघायला गेलं की नुसते चौकोन. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, मूळ फाइल जशीच्या तशी जाते, किंवा निदान एचडी तरी निवडा.

आत्याला तसाच पाठवला, शेजारच्या खोलीतून. पाच मिनिटांनी हाक आली. गेलो तर तिने दोन बोटांनी फोटो पार सांध्यापर्यंत मोठा केला होता, खिळ्याशेजारी एक चपटी जागा होती, घासून गुळगुळीत झालेली, जी मला पाच मिनिटं बघूनही दिसली नव्हती. "इथे अंगठा टेकवायची ती बाई," आत्या म्हणाली, "डावखुरी असणार. खालची बाजू नाही का काढलीस?"

खालची बाजू काढायची तर कपाटाच्या तळाला आरसा आहे का ते बघायला लागेल, नाहीतर गुडघ्यावर बसून खालच्या काचेतून. रविवारनंतर जातोय.